शीडनौकांच्या सुट्या भागांविषयी केंद्रीय अर्थमंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली



ज्या विषयासंबंधी हे पत्र लिहीत आहे, तो आपल्या खात्याच्या विस्तीर्ण कारभारात सहज दृष्टीस पडावा एवढा मोठा नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. परदेशात बांधल्या गेलेल्या आणि आज आपल्या किनाऱ्यावर, सरोवरांवर व धरणांच्या जलाशयांवर वापरात असलेल्या शीडनौकांचे सुटे भाग मिळविणे, हा तो विषय. परंतु राज्यकारभारातील एखादी उणीव किती लोकांना भोवते यावर तिचे गांभीर्य जसे ठरते, तसेच ज्यांना ती भोवते त्यांच्यावर कोणता प्रसंग आणते यावरही ते ठरते. आणि किनाऱ्यापासून काही मैल आत, वारा भरलेला असताना, जिच्या आधाराने डोलकाठी उभी आहे ती तार तुटली, तर येणारा प्रसंग खर्चाचा वा गैरसोयीचा नसून प्राणांवरचा असतो. म्हणून हा अर्ज आपल्यापुढे, आणि आपल्यामार्फत जनतेपुढे, मांडण्याचे धाडस करीत आहे.

आम्ही काही मित्र मिळून जी नौका सांभाळतो, ती ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात बांधलेली, फायबरग्लासच्या अंगाची, तीस फुटांच्या आसपासची आहे. ती बांधणारा कारखाना केव्हाच बंद पडला. पण तिचे अंग अजून भक्कम आहे, आणि नीट निगा राखली तर पुढच्या पिढीलाही ती उपयोगी पडेल, याविषयी जाणत्यांना शंका नाही. मुंबईच्या बंदरातील रिवाजाप्रमाणे पावसाळ्यापूर्वी तिला पाण्याबाहेर काढून सर्व अंगोपांगांची तपासणी केली जाते. अशाच एका तपासणीत, डोलकाठीला उजव्या बाजूने धरून ठेवणाऱ्या शराउडच्या खालच्या टोकाशी, जेथे तार पोलादी नळीत दाबून बसविलेली असते तेथे, भिंगाखाली केसाएवढी एक उभी चीर आढळली. नुसत्या डोळ्यांना ते टोक लखलखीत दिसत होते. कापसाचा बोळा त्यावरून फिरविला तेव्हा मात्र दोन-तीन तंतू त्या चिरेत अडकून राहिले.

ही चीर का पडते, हे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. कारण पुढील सर्व मागणीचे मर्म त्यात आहे. शराउडची तार एकोणीस ताठ पोलादी तंतू एकत्र पिळून केलेली असते. तिची जाडी अवघी सहा मिलिमीटर, करंगळीहूनही बारीक, पण तुटेपर्यंत ती सुमारे तीन टनांचा ताण सोसते. तिचे टोक ज्या नळीत प्रचंड दाबाखाली चेपून बसवितात, तिला नौकावाले स्वेज म्हणतात. समुद्राचे खारे पाणी तंतूंच्या फटींतून ओघळत या नळीच्या तळाशी जाऊन साठते आणि तेथे वर्षानुवर्षे मुरते. न गंजणारे पोलाद न गंजण्याचे कारण असे, की हवेतील प्राणवायूच्या योगाने त्याच्या पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर सतत नव्याने तयार होत असतो. नळीच्या तळाशी प्राणवायूच पोहोचत नसल्याने तो थर तेथे टिकत नाही, आणि मिठातील क्लोराइड धातूला आतून पोखरू लागते. बाह्यांग निष्कलंक आणि अंतरंग जर्जर, अशी ही अवस्था असल्यामुळे, शीडनौकांची ताणतार दहा-बारा वर्षांनी दिसायला उत्तम असली तरी बदलून टाकावी, असा जगभरच्या जाणत्या खलाशांचा दंडक आहे. वाऱ्याच्या बाजूची एक शराउड तुटली, की डोलकाठी कोसळण्यास काही सेकंदही लागत नाहीत. आणि ती कोसळते ती शिडासह, दोरांसह, कित्येकदा डेकवर उभ्या असलेल्या माणसांवर.

दोष सापडला म्हणजे निम्मे काम झाले, असे इतर यंत्रांच्या बाबतीत म्हणता येते. येथे काम तेथून सुरू होते. कारखाना बंद, मूळ नकाशे गहाळ, अशा स्थितीत भागाची ओळख पटविणे हीच एक विद्या आहे. डोलकाठीचा छेद व्हर्नियरने दोन्ही दिशांनी मोजून ती कोणत्या घडणावळीची आहे हे जुन्या सूचीपत्रांतून ताडावे लागते. शराउडचे वरचे टोक डोलकाठीच्या खाचेत अडकविण्यासाठी कोणत्या आकाराचे आहे, त्याच्या मानेचा कोन किती, हे पाहावे लागते, कारण या बाबतीत निर्मात्यानिर्मात्यांत मेळ नाही. आणि खालच्या टोकाचा, तार कमी-अधिक ताणण्याच्या स्क्रूमध्ये बसणारा आटा कोणत्या पद्धतीचा आहे, हे तपासावे लागते. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल. पण नौकेच्या ताणतारांचे आटे बहुधा इंचांतील यूएनएफ पद्धतीचे असतात, आणि आपला बाजार मुख्यतः मेट्रिक मापांवर चालतो. दहा मिलिमीटरचा बोल्ट तीन-अष्टमांश इंचाच्या भोकात शिरत नाही, आणि शिरावा म्हणून भोक मोठे केले, तर ज्या पट्टीवर सारा भार येतो तिलाच आपण दुर्बळ करून ठेवतो.

मुंबईच्या नागदेवी भागात काय मिळत नाही, असे विचारण्याची सोय नाही. बेअरिंगे, पट्टे, कप्प्या, साखळ्या, क्रेनसाठी आणि लिफ्टसाठी लागणाऱ्या दोरतारांची भेंडोळी, यांनी त्या गल्ल्या भरलेल्या आहेत, आणि तेथील दुकानदारांचे मालाविषयीचे ज्ञान कोणत्याही पुस्तकाहून अधिक ताजे आहे. पण क्रेनची तार वाकावी म्हणून अनेक बारीक तंतूंची केलेली असते आणि ताणाखाली लांबते. डोलकाठीला न लांबणारी, ताठ तार हवी. पोलादही साधे ३०४ प्रतीचे चालत नाही. खाऱ्या हवेला तोंड देण्यासाठी मोलिब्डेनम मिसळलेले ३१६ हवे, आणि ते तसेच आहे याचा लेखी दाखला हवा, कारण दोन्ही धातू डोळ्यांना सारखेच दिसतात. जे भाग येथे होऊ शकतात, ते आम्ही येथेच करून घेतो, आणि ते उत्तम होतात. सुकाणूच्या दांड्याची झिजलेली बुश भायखळ्याच्या एका लहानशा गाळ्यातील टर्नरने गनमेटलमध्ये करून दिली. जुनी बुश हातात घेऊन त्याने नख फिरवून झीज कोणत्या अंगाला अधिक आहे ते पाहिले, दांडा स्वतः येऊन मोजला, आणि पाण्यात फुगण्यासाठी किती सैल ठेवावी हे विचारून मगच लेथ सुरू केले; कारण मूळ बुश नायलॉनची होती आणि गनमेटल फुगत नाही, ही गोष्ट त्याला आधी पक्की करून घ्यावयाची होती. असे कारागीर ज्या शहरात आहेत, त्या शहराला परदेशी मालाची लाचारी नाही. पण स्वेज दाबण्याचे यंत्र, चाचणीचा दाखला असलेली तार, आणि हातानेच बसविता येणाऱ्या टोकांच्या आतला, तार पकडून धरणारा लहानसा शंकू, या वस्तू लेथवर घडत नाहीत. त्या मागवाव्या लागतात. इंजिनाचीही हीच कथा. नौकांची पुष्कळशी लहान डिझेल इंजिने मुळात शेतीच्या वा बांधकामाच्या यंत्रांतील इंजिनांवरून केलेली असल्यामुळे पिस्टन-रिंगा, गास्केटे येथे मिळू शकतात. खारे पाणी खेचणाऱ्या पंपातील रबरी पंखा मात्र मिळत नाही, आणि तो तळहाताएवढा पंखा फाटला की इंजिन तापून थांबते, बहुधा बंदराच्या तोंडाशी, भरती-ओहोटीचा ओढा ऐन भरात असताना.

आता भाग मागविल्यानंतरची कैफियत. परदेशातील विक्रेता तार, टोके, दोन कप्प्या, एक दोराचे भेंडोळे आणि दोर ताणणाऱ्या विंचच्या खिट्यांचा संच, असे सारे एका खोक्यात भरून पाठवितो. येथे आल्यावर त्या खोक्यातील वस्तूंचा तपशील, मूल्य आणि वर्गीकरण दाखल करावे लागते. एका दप्तरात, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, एका तरुण अधिकाऱ्याने अत्यंत सौजन्याने मला बसवून घेतले, प्रत्येक वस्तू हातात घेऊन ती कशाची आहे हे समजून घेतले, आणि शेवटी जकातीचे पुस्तक माझ्यासमोर उघडून विचारले, की याला शीडनौकेचा भाग म्हणावयाचे, तर तो कोणत्या सदराखाली लिहू? त्याचा प्रश्न रास्त होता. पुस्तकात तसे सदरच नाही.

मान्यवर, हा मुद्दा आपल्या खात्यातील तज्ज्ञांना ठाऊक आहे. परंतु सामान्य वाचकांसाठी तो स्पष्ट करणे भाग आहे. आपले सीमाशुल्क दरपत्रक ज्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावर आधारलेले आहे, त्यात वाहनांचा एक विभाग आहे. रेल्वेच्या प्रकरणात रेल्वेच्या सुट्या भागांसाठी ८६०७ हे शीर्षक आहे. मोटारींच्या भागांसाठी ८७०८, सायकली व मोटारसायकलींच्या भागांसाठी ८७१४, आणि विमानांच्या भागांसाठी ८८०७ आहे. जहाजे व नौका यांचे प्रकरण ८९ मात्र ८९०१ पासून ८९०८ पर्यंत चालते, आणि त्यात सुट्या भागांसाठी एकही शीर्षक नाही. परिणामी नौकेचा प्रत्येक भाग, ज्या धातूचा वा वस्तूचा तो बनलेला असेल त्या प्रकरणात, वेगवेगळा विखुरला जातो: शीड ६३०६ मध्ये, ताडपत्री आणि तंबूंच्या शेजारी, दोर ५६०७ मध्ये, पोलादी तार ७३१२ मध्ये, नांगर ७३१६ मध्ये, विंच ८४२५ मध्ये, उचलयंत्रांबरोबर, पंखा, म्हणजे मागील मळसूत्री पंखा, ८४८७ मध्ये, इंजिन ८४०८ मध्ये, होकायंत्र ९०१४ मध्ये. सायकलीचे पॅडल कोठेही गेले तरी सायकलीचे पॅडल राहते. नौकेपासून सुटा झालेला भाग मात्र, कागदावर, नौकेशी असलेले आपले नाते गमावून बसतो.

या रचनेला व्यापारी जहाजांच्या बाबतीत आपल्याच शासनाने तोड काढलेली आहे, आणि ती योग्य आहे. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर सुरू झाला, तेव्हाच्या दरपत्रकात, कोणत्याही प्रकरणातील असोत, पण ८९०१, ८९०२, ८९०४, ८९०५, ८९०६ आणि ८९०७ या शीर्षकांखालील जलयानांचे जे भाग असतील, त्यांना एकत्रितपणे पाच टक्क्यांच्या पटावर बसविले गेले. मालवाहू जहाज त्यात आले, मच्छिमारी नौका आली, टग आली, ड्रेजर आला, जीवरक्षक नौका आली, तरंगता बोया आला. त्या मालिकेत एकच आकडा मधून गळालेला आहे, ८९०३. आणि ८९०३ म्हणजे आनंद वा क्रीडा यांसाठीची यॉट व इतर जलयाने, वल्ह्याच्या होड्या आणि कनू. ते गळण्याचे कारणही मला समजते. यॉट म्हटले, की कोट्यधीशांच्या मोटारनौका डोळ्यांपुढे येतात, आणि त्यांच्यावर अधिक कर असावा यात मला गैर दिसत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात हा दर ४० टक्क्यांपर्यंत नेण्यात आला, त्याविरुद्धही हे पत्र नाही. माझे म्हणणे एवढेच, की त्याच ओळीत, त्याच आकड्याखाली, आठ वर्षांच्या मुलाची ऑप्टिमिस्टही उभी आहे.

ऑप्टिमिस्ट म्हणजे अवघ्या सव्वादोन-अडीच मीटर लांबीची, पुढून चौकोनी तोंडाची, एका लहान शिडाची डिंगी. १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडातील क्लार्क मिल्स यांनी ती मुलांसाठी आखली, आणि आज जगातील असंख्य नौकानयनपटू तिच्यातून पहिला धडा घेतात. हैदराबादच्या हुसेनसागरावर, भोपाळच्या मोठ्या तलावावर, मुंबईच्या बंदरात, जेथे जेथे मुलांना नौकानयन शिकविले जाते, तेथे तिच्यावाचून चालत नाही. तिची डोलकाठी वाकली, सुकाणूची बिजागरी तुटली, तर तो भाग मागविताना त्याची गणना कोणत्या न्यायाने विलासात व्हावी? २०२३ साली हांगझोऊ येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताला नौकानयनात तीन पदके मिळाली: भोपाळच्या राष्ट्रीय नौकानयन प्रशालेत शिकलेल्या नेहा ठाकूर हिला आयएलसीए ४ या डिंगीच्या वर्गात रौप्य, विष्णू सरवणन यांना आयएलसीए ७ मध्ये कांस्य, आणि इबाद अली यांना शिडाच्या फळीवर कांस्य. यांतील शिडाची फळी दरपत्रकात ९५०६ खाली, क्रीडासाहित्यात, गणली जाते, आणि त्या प्रकरणाच्या टिपेप्रमाणे तिचे खास भाग, शीड वगळता, तिच्याबरोबरच जातात. मग शेजारच्याच पाण्यावर, त्याच वाऱ्यात, त्याच झेंड्याखाली स्पर्धा करणाऱ्या डिंगीला क्रीडासाहित्याचा मान नसावा, हे मला उमजत नाही. राष्ट्रीय संघांना आणि मान्यवर खेळाडूंना आयातीत काही सवलती आहेत, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु राष्ट्रीय संघात पोहोचण्यापूर्वीची सारी वर्षे खेळाडू सामान्य मुलगा वा मुलगी असतो, आणि त्या वर्षांतली नौका एखाद्या क्लबाच्या तुटपुंज्या खात्यावर चालत असते. शिवाय आयएलसीएसारख्या वर्गात नियमच असा आहे, की शीड, डोलकाठी, सुकाणूची पाटी हे भाग अधिकृत निर्मात्यांचेच हवेत. येथील कारागिराने हुबेहूब घडविलेला भाग सरावाला चालेल, स्पर्धेत चालणार नाही.

दर अधिक आहे, ही माझी मुख्य तक्रार नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. मूळ जकात, तिच्यावरील समाजकल्याण अधिभार, आणि त्या बेरजेवरील एकात्मिक कर, हे सारे आगाऊ ठाऊक असेल तर माणूस ते भरण्याची तजवीज करतो. ठाऊक नसते ते हेच, की अमुक खोके कोणत्या अधिकाऱ्यापुढे, कोणत्या सदरात, कोणत्या दराने आणि किती दिवसांत निकालात निघेल. त्या अनिश्चिततेचे फळ असे, की लोक अधिकृत मार्गच सोडून देतात. परदेशी राहणाऱ्या भाच्याच्या सामानात कपड्यांखाली विंचच्या स्प्रिंगा येतात. एका नौकेचा भाग काढून दुसरीला बसवितात, मग पहिली ताडपत्रीखाली पडून राहते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिच्या अंगाचे जे व्हावयाचे ते होते. सर्वांत वाईट गोष्ट अशी, की कोणी कोणी भिंगाखाली दिसलेल्या चिरेकडे काणाडोळा करून आणखी एक हंगाम काढावयाचा निश्चय करतात. त्यांना मी बेजबाबदार म्हणणार नाही. ते निरुपाय झालेले लोक आहेत. परंतु त्यांच्या नौकेवर चढणाऱ्या विद्यार्थ्याला त्या चिरेची वार्ताही नसते.

कदाचित कोणी म्हणेल, की या देशाला शीडनौकांचे इतके कौतुक कशासाठी? याच्या उत्तरासाठी फार दूर जावे लागत नाही. कुलाब्याच्या आणि विजयदुर्गाच्या पाण्यावर सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराने जे केले ते महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. आणि त्याच शतकात सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांनी जी गोदी नावारूपाला आणली, तिच्यात १८१७ साली बांधलेले ट्रिंकोमाली हे सागवानी जहाज आज इंग्लंडात हार्टलपूल येथे अद्याप तरंगत आहे. पण मला अधिक जवळचे वाटते ते आणखी अलीकडचे, आणि आकाराने पुष्कळच लहान, असे एक उदाहरण. सुहैली ही बत्तीस फुटांची नौका मुंबईतच सागवानात बांधली गेली, आणि १९६४ च्या डिसेंबरात पाण्यात उतरली. तिचे मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरील अधिकारी, १४ जून १९६८ रोजी इंग्लंडातील फाल्मथ बंदरातून एकटेच निघाले, आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतले; अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले मनुष्य. वाटेत नौकेच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले, तेव्हा त्यांनी समुद्रात उतरून, पाण्याखाली श्वास रोखून, सांधे कापसाने भरले व वरून तांब्याची पट्टी ठोकली. वाऱ्यावर आपोआप चालणारे सुकाणू मोडले, तेव्हा शिडांचाच तोल असा साधला, की नौका आपली दिशा आपण धरील. हे शक्य झाले ते त्यांच्या धैर्यामुळे खरेच. पण नौका लाकडाची होती, आणि लाकडाला लागणारा प्रत्येक भाग हातोडी, करवत व खिळे यांनी घडविता येत होता, हेही त्याचे एक कारण होते. आजच्या नौकेवर तेच धैर्य असलेला माणूस स्वेज दाबू शकत नाही. धैर्याला आज सुट्या भागांचा पुरवठा लागतो, आणि तो निघण्यापूर्वी बंदरातच व्हावा लागतो.

आपल्या नौदलाने हे ओळखलेले आहे. गोव्याच्या दिवाडी बेटावरील गोदीत म्हादेई ही शीडनौका बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे यांनी तिच्यावरून ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच न थांबता पुरी केली. त्याच गोदीत पुढे तारिणी झाली, आणि लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ मध्ये तिच्यावरून प्रदक्षिणा केली. परतीच्या अखेरच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्यामुळे तारिणीला मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात, योजनेत नसताना, थांबावे लागले. इतक्या कसलेल्या खलाशांच्या, इतक्या काटेकोर सिद्धतेच्या नौकेची जर ही गोष्ट, तर ज्यांच्या पाठीशी नौदल नाही, त्यांनी सुट्या भागांवाचून काय करावे? नौदलाच्या मोहिमांना मार्ग मोकळा असतो, आणि असावाच; पण उद्याचे दोंदे आणि जोशी आज कोठे तरी एका जुन्या नौकेवर दोर ओढावयास शिकत आहेत.

आता मागणीवर येतो. दरपत्रकाच्या २०२२ च्या आवृत्तीने माझे काम पुष्कळ सोपे केले आहे. तीत ८९०३ च्या पोटात, फुगविण्याच्या नौका बाजूला ठेवून, शीडनौका आणि मोटारनौका वेगळ्या करण्यात आल्या: ८९०३ २१ म्हणजे साडेसात मीटरपर्यंतच्या शीडनौका, ८९०३ २२ म्हणजे साडेसात ते चोवीस मीटरपर्यंतच्या, आणि ८९०३ २३ म्हणजे त्याहून मोठ्या. म्हणजे श्रीमंतांच्या मोटारनौकांना एक पैशाचीही सवलत न देता, पहिल्या दोन उपशीर्षकांतील शीडनौकांचे भाग, व्यापारी जहाजांच्या भागांसाठी जो शिरस्ता घातलेला आहे त्याच शिरस्त्याखाली आणता येतील. आपण ज्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या अध्यक्षपदी आहात, तिच्यापुढे एवढ्या एका ओळीची दुरुस्ती ठेवावी, ही माझी पहिली विनंती. दुसरी अशी, की डोलकाठीच्या ताणतारा व त्यांची टोके, सुकाणूचे भाग, तळातून पाणी घेणाऱ्या तोट्या, आणि इंजिनाच्या शीतन-पंपाचे भाग, एवढ्या थोड्या पण जीवरक्षक वस्तूंची एक यादी आपल्या सीमाशुल्क मंडळाने प्रसिद्ध करावी, आणि नौकेचा नोंदणीचा दाखला वा मान्यताप्राप्त नौकानयन संस्थेचे पत्र सोबत असल्यास त्या निकाली काढण्याची मुदत ठरवून द्यावी.

महसूल बुडेल, ही शंका घेतली जाईल. ज्या आयातीचा मोठा भाग आज प्रवासी सामानात लपून येतो, तिला उघडा मार्ग दिल्याने महसूल बुडत नाही, तो प्रथमच हिशेबात येतो. गैरवापर होईल, अशीही शंका येईल; पण नौकेच्या शराउडचे स्वेज केलेले टोक नौकेबाहेर क्वचितच कशाला उपयोगी पडते, आणि ज्या वस्तू बसू शकतील, जसे दोर वा साध्या कप्प्या, त्या यादीबाहेर ठेवण्यास माझी हरकत नाही. आणखी एक आक्षेप मला सर्वांत आदरणीय वाटतो: हे भाग येथेच का होऊ नयेत? व्हावेत, मी तर म्हणेन, की लवकर व्हावेत. परंतु कारखाना उभा राहतो तो मागणी दिसल्यावर, आणि मागणी दिसते ती नौका पाण्यात राहिल्यावर. ताडपत्रीखाली पडलेली नौका कोणाच्याच मालाची गिऱ्हाईक होत नाही, ना परदेशातल्या कारखान्याची, ना भायखळ्याच्या त्या टर्नरची.

आमचा हंगाम सर्वसाधारणपणे ऑक्टोबरात सुरू होऊन मे महिन्यात संपतो. पाण्याबाहेर काढलेल्या नौका तपासणे, आणि हव्या असलेल्या भागांच्या याद्या परदेशी धाडणे, हे जून-जुलैत होते. म्हणून या बाबतीत आपणास जो निर्णय घ्यावासा वाटेल, तो पुढच्या जूनपूर्वी प्रसिद्ध झाला, तर त्याच वर्षी त्याचा उपयोग होईल. आपल्या खात्यातील अधिकाऱ्यांना हे भाग प्रत्यक्ष हाताळून पाहावयाचे असल्यास, ती चिरलेली शराउड, तिची नवी जोडी, आणि दोन्हींचे आम्ही भरलेले सर्व कागद घेऊन, सांगाल त्या दिवशी आणि सांगाल त्या दप्तरात, मी हजर राहण्यास सिद्ध आहे.

कळावे,

आपला नम्र,
मुंबई बंदरातील एक शीडनौकाधारक